नानांचा सव्वा इंची रस्ता

नाना हर्षे यांना मी प्रथम पाहिले, तेव्हा ते आमच्या खाटेखाली होते.

लग्न होऊन मला पंधरा दिवस झाले होते. यजमानांना नगरच्या कचेरीत नुकतीच कारकुनी लागली होती आणि स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बैठ्या, पत्र्याच्या घरात दोन खोल्या घेऊन आम्ही बिऱ्हाड थाटले होते. मी आडावरून पाणी घेऊन आत येते, तो खाटेखालून दोन पाय बाहेर आलेले. मी कळशी कडेवर घेऊन उंबऱ्यातच थबकले. ओरडावे की न ओरडावे हे ठरवण्यात माझा फार वेळ जातो. तो दोष आजही गेलेला नाही. तेवढ्यात खाटेखालून शांत आवाज आला, "सूनबाई, तुमची खाट पूर्वेकडे उतरते आहे. पाव इंच. सुताराचा दोष नाही, जमिनीचा आहे."

मग खाटेच्या पायाखाली लाकडाची एक चपटी पट्टी सरकवून ते बाहेर आले. हातातली पितळी पाणसळ त्यांनी खाटेच्या कडेवर ठेवली, तिच्यातला बुडबुडा मधोमध येऊन स्थिरावेपर्यंत श्वास रोखून धरला, आणि माझ्या चेहऱ्याकडे न पाहताच निघून गेले. हे आमचे घरमालक. संध्याकाळी मी संकोचत संकोचत ही हकीकत यजमानांना सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "त्यांनी समोरच्या वकिलांचा झोपाळासुद्धा तपासलाय. आपल्याला दोन दिवस उशीरच झाला म्हणायचा."

नाना रेल्वेत रस्त्याचे इन्स्पेक्टर होते, आता पेन्शनीत. रस्ता म्हणजे रूळ, रुळांखालचे लाकडी स्लीपर आणि स्लीपरांखालची खडी. रेल्वेची माणसे या तिघांना मिळून रस्ता म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळले. बावीस मैलांचा रस्ता त्यांच्या ताब्यात होता. चार माणसांनी ढकलायच्या ट्रॉलीवर बसून तो त्यांनी तीस वर्षे पाहिला, आणि त्या तीस वर्षांत त्यांच्या बावीस मैलांत एकही गाडी रुळांवरून खाली उतरली नाही. ही गोष्ट ते कुणालाही आपण होऊन सांगत नसत. मात्र कुणी विचारले नाही, तर त्यांना वाईट वाटे.

तीस वर्षे खाली पाहून काढल्यामुळे वर पाहण्याची त्यांची सवय मोडली होती. गल्लीतली माणसे ते चेहऱ्यांवरून नव्हे, वहाणांवरून ओळखत. आमच्या यजमानांनी नव्या चपला घेतल्या, त्या दिवशी नाना त्यांना "कोण पाहिजे आपल्याला?" असे विचारते झाले. चालताना त्यांचे पाऊल एका ठरावीक अंतरावर पडे, ना कमी ना जास्त. भर बाजारातही ते एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर गेल्यासारखे चालत आणि मधे कुणी आले तर पाऊल बदलण्याऐवजी थांबत. कोणतीही वस्तू हाती आली की ती आधी नखाने वाजवून पाहत. पाट, परात, कलिंगड, दार, एकदा तर एका पाहुण्यांची दातांची कवळी. पोकळ आवाज आला की त्यांचा निर्णय ठरलेला असे: "पॅकिंग कमी आहे." पॅकिंग म्हणजे स्लीपरांखाली ठोकून भरलेली खडी. हा निर्णय ते कच्च्या भाकरीला देत, पुढाऱ्यांच्या भाषणाला देत, आणि एकदा एका उपवर मुलाला देऊन त्यांनी एक जुळत आलेले लग्न लांबणीवर टाकले होते.

रामनवमीच्या एका कीर्तनात तर बुवांचा पूर्वरंग ऐन रंगात आला असता नाना उठले, व्यासपीठाजवळ गेले, फळीला कान लावला आणि बुवांना म्हणाले, "महाराज, जरा खाली या." बुवा भक्तिभावाने उतरले. नानांनी दोन विटा आणवल्या, फळीच्या दोन्ही टोकांखाली ठोकून बसवल्या, वर उभे राहून दोनदा उडी मारली आणि मग म्हणाले, "आता नाचा." बुवांनी नंतर मला वाटते थोडे जपूनच नाच केला.

नानांच्या पत्नी माई. शरीराने काडीसारख्या, कामाने चपळ आणि बोलण्यात अशा, की समोरच्याला आपली थट्टा झाली हे घरी गेल्यावर समजावे. नानांच्या नोकरीची सगळी वर्षे त्यांनी लाइनीवरच्या क्वार्टरांत काढली होती, पण त्या नोकरीत नेमके काय चालते ते त्यांना ठाऊक नव्हते. त्यात त्यांचा दोष नव्हता. नानांना सांगताच येत नसे.

हे उघड झाले ते एका संक्रांतीला. स्टेशनमास्तरांच्या घरी हळदीकुंकू होते. मास्तरीणबाई तिळगूळ वाटता वाटता म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी झेंडी दाखवल्याशिवाय मेल जागची हलत नाही हो." आणि मग माईंकडे वळून, "तुमचे हे काय करायचे नक्की?"

"फिरायचे," माई म्हणाल्या.

बायका हसल्या, माईही हसल्या, आणि घरी येऊन त्यांनी हा विनोद अंगणात सर्वांदेखत नानांना सांगितला. नाना हसले नाहीत.

"फिरायचे?"

"मग काय सांगू? सकाळी डबा घेऊन जायचात, संध्याकाळी धुळीने माखून यायचात. काय केलंत म्हणून विचारलं की म्हणायचात, 'रस्ता ठीक आहे.' ठीक होता तर तुम्ही काय केलंत?"

गाडी ड्रायव्हर चालवतो, झेंडी मास्तर दाखवतो, शिटी गार्ड वाजवतो. पण रस्ता नीट ठेवणाऱ्याचे काम असे, की ते उत्तम झाले की झालेले दिसतच नाही. हे सारे आज मी सुचेल तसे लिहिते आहे. नानांना त्या दिवशी त्यातले एक अक्षर सुचले नाही. चौथ्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट होती: आपण तीस वर्षे काय केले, ते हिला एकदा समजले पाहिजे. बोलून जमत नव्हते, तेव्हा ते करून दाखवणे भाग होते.

तो स्वातंत्र्याच्या आधीचा उन्हाळा. छावणीतले गोरे अधिकारी आवराआवर करून विलायतेला निघाले होते आणि बंगल्याबंगल्यांतून लिलाव चालले होते. लोक आरामखुर्च्या आणत, काचेचे दिवे आणत. नाना एक खोके घेऊन आले. त्यात चावीचे एक हिरवे इंजिन होते आणि मागे जोडायचे तीन डबे होते. रूळ हरवले होते, म्हणून ती गाडी कुणी घेईना. नानांना रूळ नसलेलीच हवी होती.

दुसऱ्याच दिवशी तिसगावला पोस्टकार्ड गेले आणि आठवड्याने गेनबा मुकादम हजर झाले. गेनबा म्हणजे नानांच्या गँगवरचे, खडी भरणाऱ्या मजुरांच्या टोळीवरचे, मुकादम. पेन्शनीत निघाल्यावर तिसगावला शेती पाहत. पिळदार मिशा, गुडघ्यापर्यंत धोतर आणि नानांविषयी अपार आदर, जो ते सतत नानांना विरोध करून व्यक्त करीत. त्यांनी पाठीवरून पोते उतरवले. पाथरवटाच्या अंगणातली काळ्या दगडाची कच होती ती.

नानांनी हिशेब मांडून ठेवला होता. खऱ्या रुळांतले अंतर साडेपाच फूट, या गाडीच्या चाकांतले सव्वा इंच. म्हणजे सगळेच त्रेपन्नाव्या हिश्श्याने लहान करायचे. सागवानाच्या कपट्यांचे स्लीपर झाले, त्यांत करवतीने खाचा पाडून खोक्यांच्या लोखंडी पट्ट्या उभ्या बसवल्या, हे रूळ. दोन इंची खडी त्रेपन्नाने भागली की जाड रव्याएवढी होते. तेव्हा माईंची रव्याची चाळणी गेली. मग धूळ वेगळी काढण्यासाठी मैद्याचीही गेली.

"सायेब," गेनबा चाळता चाळता म्हणाले, "ही खडी हाय का शिरा कराया आणलाय?"

"खडी आहे. चाळा."

"तीस वर्सं घमेल्यानं टाकली. आता चमच्यानं टाकायची व्हय?"

"चमच्याने ढीग होतो, मुकादम. चिमटीने टाका."

माजघरात विटांवर दोन जुनी दारे आडवी घालून त्यांवर हा लंबगोल रस्ता आकार घेऊ लागला. माई येता-जाता पदर सावरून त्याला वळसा घालत. शेवटी त्यांनी विचारलेच, "चैत्रगौरीचं हळदीकुंकू तोंडावर आलंय. माझी गौर बसवायची कुठे?"

"मधोमध," नाना म्हणाले. "गाडी तिच्याभोवती फिरेल."

चैत्रात गौरीपुढे आरास मांडायची ती बाहुल्या, फळे, बागबगीचे यांची. आगगाडीची कुणी पाहिली नव्हती. माईंना कल्पना आवडली असावी, कारण त्या लगेच रागावल्या. "आणि पडली तर? साऱ्या बायकांदेखत माझ्या गौरीपुढे अपघात?"

"माझ्या रस्त्यावर गाडी पडलेली नाही."

"मास्तरीणबाईंना बोलावलंय मी," माई म्हणाल्या आणि आत गेल्या.

अडचण इथूनच सुरू झाली. कोणत्याही सुताराने तो रस्ता चार खिळे मारून दाराला ठोकला असता आणि मोकळा झाला असता. नानांना ते मान्य नव्हते. खरा रस्ता जमिनीला ठोकलेला नसतो. तो खडीत बसलेला असतो. खडी स्लीपरांखाली ठोकून भरायची, दोन्ही बाजूंना भर द्यायची, मग दगडाला दगड अडतो आणि रूळ जागा सोडत नाहीत. नानांनी माईंच्या विणकामाच्या सुईचे टोक चपटे करून घेतले आणि त्या सुईने ते एकेका स्लीपरखाली तो काळा रवा ठोकून भरू लागले. पोटावर पालथे पडून, एक डोळा मिटून, सकाळी सहापासून. मी खिडकीतून पाहत असे. इतक्या निष्ठेने केलेले काम मी क्वचित पाहिले आहे, आणि इतके निष्फळ त्याहून क्वचित.

कारण गाडी पडे. चावी दिली, की इंजिन खडखडत निघे, पहिले वळण घेई, दुसरे घेई, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या वळणावर रूळ त्याच्याखालून हळूच बाजूला होत. मागचा डबा कलंडे, मग मधला. शिवाय धक्क्याधक्क्याने अख्खा रस्ताच सरके. चार दिवसांत तो आठ बोटे आत आला.

"इंदू," माई मला म्हणाल्या, "रेल्वे माझ्या चुलीकडे निघालीय बघ. पुढचं स्टेशन पाटा-वरवंटा."

नानांना तपकिरीची सवय होती. एका सकाळी शेवटच्या वळणाची भर पूर्ण करून ते मागे सरले, समाधानाने चिमूट ओढली आणि त्यांना शिंक आली. पाऊण फूट रस्त्यावरची खडी उडून समोर बसलेल्या गेनबांच्या मिशीत गेली. गेनबांनी मिशी झटकली आणि खडी तळहातावर गोळा केली.

"सायेब, खऱ्या खडीवर हत्ती शिंकला तरी ती हालत न्हाई. ह्या खडीवर तुमी अजून एकदा शिंकलात, तर पार कोल्हारला जाईल. आता तरी डिंक लावू द्या."

"डिंक?" नाना म्हणाले. "मुकादम, तीस वर्षांत आपण रस्त्याला कधी डिंक लावला?"

"न्हाई लावला."

"मग आता हिला डिंकाचा रस्ता दाखवून काय सांगू? की मी तीस वर्षं डिंक लावत होतो?"

गेनबांनी तळहातावरची खडी चिमटीने पुन्हा रस्त्यावर टाकली. मला मात्र त्या दिवशी राहवले नाही. शाळेत गणित बरे होते माझे. वस्तू त्रेपन्नाव्या हिश्श्याने लांबीला लहान झाली, की रुंदीलाही तितकीच होते आणि उंचीलाही. वजन तिन्ही बाजूंनी घटते. नानांच्या खडीचा एक दाणा खऱ्या दगडाहून जवळजवळ दीड लाख पट हलका होता. असा दगड कुणाला काय अडवणार? हे नानांना सांगायचे धैर्य मला झाले नाही. संध्याकाळी तांदूळ निवडताना मी ते खालच्या आवाजात माईंना सांगितले.

माईंनी हातातला खडा लांब फेकला. "हे ह्यांना ठाऊक नाही?"

"असेल ठाऊक. पण..."

"पण त्यांना ते पटवून घ्यायचं नाही." थोडा वेळ त्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "जेवण झालं की दोन ते चार घोरतात. डिंक आहे माझ्याकडे. लेकीच्या बाळंतपणाचा उरलेला."

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना ओसरीवर झोपल्यावर गेनबा त्यांच्या उशाशी पहाऱ्याला बसले; नाना हलले तर खोकायचे असे ठरले. माईंनी बाभळीचा डिंक पाण्यात विरघळवून आणला होता. त्यात चिमूटभर गूळही घातला होता, कारण नुसता डिंक वाळला की तडकतो, हे त्यांना लाडवांवरून माहीत होते. देवाच्या पळीने त्यांनी पहिली धार सोडली. खडीवर एक खड्डा पडला आणि डिंकाचा थेंब धुळीत गोल होऊन मोत्यासारखा वरच्या वर राहिला.

"आत जातच नाही गं."

न्हाताना केस तेलकट असले की पाणी असेच वरून ओघळते, हे मला आठवले. मी रिठ्याचे पाणी करून आणले आणि आधी ते शिंपडले. खडी काळीभोर झाली. मग माईंनी पळी ठेवून डोळ्यांत औषध घालायची काचेची नळी घेतली आणि डिंकाचा एकेक थेंब सोडला. तो खडीत असा उतरला, की वर खूणही राहिली नाही. माझ्याकडे पाहून माईंनी भुवया उंचावल्या. एवढी मोठी शाबासकी मला आजवर मिळालेली नाही.

दोन स्लीपरांमधले थेंब किती, हे ठरवून माई गुडघ्यांवर पुढे सरकत होत्या. एक स्लीपर निसटला, तो त्यांनी उचलून पाहिला. त्याच्या दोन्ही टोकांखालची खडी घट्ट दाबलेली होती. मधली मात्र सैल. त्यांना वाटले, नानांची नजर चुकली. त्यांनी गेनबांना खुणेने बोलावले.

"मधी दाबायची नस्ती, आईसाहेब," गेनबा कुजबुजले. "मधी दाबली की स्लीपर त्येच्यावर डुलतो, झोक्यावानी. दोन्ही टोकांला आधार पायजे. सायबांनी एकदा एका मैलातली समदी उकरून पुन्यांदा भराया लावली हुती आमाला. भर उन्हात. सोता बी भरत हुते."

"हे स्वतः?"

"मंग? ट्रॉली निस्ती बसाया हुती व्हय?"

माईंनी तो स्लीपर पुन्हा जागेवर बसवला. काम तीन दुपारी चालले. तिसऱ्या दुपारी शेवटच्या वळणाशी आलो, तेव्हा त्यांचे गुडघे सुजले होते आणि पाठ धरली होती. मागे टेकून त्या म्हणाल्या, "इंदू, हा रस्ता सगळा मिळून किती गं?"

"बावीस फूट असेल."

"बावीस फूट," त्या म्हणाल्या. मग, "ह्यांचे बावीस मैल होते." कपाळावरचा घाम मनगटाने पुसून त्यांनी पुढचा थेंब सोडला.

चौथ्या दिवशी सकाळी माजघरातून नानांची हाक ऐकू आली. आम्ही तिघे वेगवेगळ्या दारांतून आत शिरलो आणि एकमेकांकडे पाहण्याचे टाळले. नाना पालथे पडून रूळ नखाने वाजवत होते.

"बसली," ते म्हणाले. "मुकादम, खडी बसली. मी म्हणत नव्हतो? नवा रस्ता आधी हलतोच. चार-सहा दिवस गाड्या जाऊ द्याव्या लागतात, मग आपोआप दबतो. ऐका आवाज."

गेनबांनी कान लावला. "बसली खरी, सायेब. लई म्हंजे लईच बसली."

"तीस वर्षांचा अनुभव आहे," नाना म्हणाले.

"बरं झालं हो," माई म्हणाल्या. "मला उगीच काळजी लागली होती."

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी मात्र आमचे पितळ उघडे पडण्याची वेळ आली. गौर बसवायला आम्ही माजघरात गेलो, तो गुळाच्या वासाने मुंग्यांची एक सलग रांग अख्ख्या रस्त्यावर चढली होती. स्लीपरास्लीपरावर त्या थांबत, वाकत आणि पुढे जात.

"ग्यांग कामावर आली," गेनबा म्हणाले.

नाना विचारात पडले. "लोखंडाला मुंग्या?"

"तुमची तपकीर सांडली असेल," माईंनी शांतपणे सांगितले आणि हळदकुंकवासाठी दळलेली हळद मूठभर घेऊन दारांच्या कडेने रेघ ओढली. तासाभरात गँग पांगली. पिवळ्या रेघेमुळे आरास उलट अधिकच शोभून दिसली.

संध्याकाळी माजघर भरून गेले. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, अत्तर. पुरुषांना तिथे मज्जाव, म्हणून नाना आणि गेनबा स्वयंपाकघराच्या दाराआड, नेमके त्या वळणाच्या मागे, डाळीच्या वाट्या घेऊन बसले होते. दाराच्या फटीतून मला नानांचे एक बोट दिसत होते. ते उंबऱ्यावर ताल धरल्यासारखे वाजत होते. एक बाई सर्वांवर गुलाबपाणी शिंपडत गौरीपर्यंत आल्या आणि रस्त्याकडे वळल्या, तशी माईंनी झेपावून त्यांचा हात धरला. "तिथे नको, विरघळे..." त्या थांबल्या. "गंजेल."

दाराआडून नानांचा समाधानाचा हुंकार ऐकू आला. रुळांची एवढी काळजी माईंना प्रथमच वाटली होती.

मग माईंनी चावी दिली. इंजिन निघाले. मास्तरीणबाई स्वयंपाकघराच्या वळणाशीच बसल्या होत्या. उंबऱ्यावरचे बोट थांबले. गाडी पहिल्या वळणावरून गेली, दुसऱ्यावरून गेली, त्या वळणावर आली, जराशी झुकली आणि सरळ झाली. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. चौथ्या फेरीत चावी संपली आणि गाडी गौरीच्या समोर येऊन आपसूक उभी राहिली. बायकांनी हात जोडले, ते गौरीला की गाडीला, कोण जाणे.

"अगं बाई, इंजिन किती गोजिरवाणं आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "कुठे मिळालं?"

"इंजिन राहू द्या हो," माई म्हणाल्या. "ते कुणाचं तरी जुनं आहे. खाली बघा." आणि लुगड्याचा ओचा सावरून त्या रस्त्याजवळ उकिडव्या बसल्या. "ही लाकडं आहेत ना, त्यांच्या दोन्ही टोकांखाली खडी ठोकून भरतात. मधे भरायची नाही. मधे भरली तर लाकूड डुलतं आणि गाडी पडते. एकेक लाकूड असं पाहावं लागतं. पाऊस झाला की पुन्हा, उन्हाळा आला की पुन्हा. तुम्ही मागे विचारलंत ना, आमचे हे काय करायचे? हे करायचे. बावीस मैल."

मास्तरीणबाई वाकून पाहू लागल्या. त्यांच्यामागे बाकीच्या बायकाही वाकल्या. भरल्या माजघरात कुणीही गाडीकडे पाहत नव्हते.

दाराआड वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग नाना अगदी हळू म्हणाले, "मुकादम, हिला हे कुणी सांगितलं?"

"मला काय ठावं, सायेब," गेनबा म्हणाले, आणि पुढे काही बोलावे लागू नये म्हणून त्यांनी तोंडात डाळीचा मोठा घास भरला.

वैशाखात यजमानांची बदली खानदेशात झाली. अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी आमचे सामान टांग्यात चढत होते आणि मी माईंच्या हातचे कुंकू लावून घ्यायला गेले. गौर आदल्या दिवशीच उठली होती. माजघरात नाना एकटे, हातात उलथने घेऊन रस्ता काढायला बसले होते. गेनबा उंबऱ्यावर बसून बाहेर आभाळाकडे पाहत होते, जसे काही तिथे फार महत्त्वाचे काम चालले होते.

नानांनी उलथन्याने खडी सरकवायचा प्रयत्न केला. ती सरकली नाही. त्यांनी जोर लावला, तशी चार स्लीपरांसकट एक वडी सुटून हातात आली, चिक्कीसारखी. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. नखाने वाजवली. मग जिभेच्या टोकाला लावली. मी तिथून निघून जायला हवे होते. पण गेले नाही.

माई कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या आणि जागीच उभ्या राहिल्या.

"गूळपण घातलास?" नाना म्हणाले.

"तडकला असता."

"मुंग्या त्याच्याच."

"हो."

मला वाटले, आता काहीतरी होणार. तीस वर्षांचा अनुभव त्यांच्या हातात वडी होऊन पडला होता. नानांनी ती खाली ठेवली, मोडलेल्या कडेवर बोट फिरवले आणि गेनबांना म्हणाले, "मुकादम, हा रस्ता उखडायचा नाही. राहू दे." मग माईंकडे पाहिले. चेहऱ्याकडे पाहिले, मी त्यांना कुणाच्या चेहऱ्याकडे तसे पाहताना आधी पाहिले नव्हते. "ही चार लाकडं माझ्याकडून निघाली. पुन्हा बसवायची तर कशी?"

माईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावले, ओटीत नारळ घातला, पाठीवरून हात फिरवला आणि मग करंडा बाजूला ठेवून त्या फडताळातली वाटी व काचेची नळी काढायला गेल्या.

टांगेवाला बाहेर घाई करीत होता. अंगणातून मी एकदाच मागे वळून पाहिले. माजघरात ती दोघे जमिनीवर समोरासमोर बसली होती, मधे सव्वा इंचाचा रस्ता. नानांच्या हातात नळी होती आणि माईंनी त्यांचे मनगट धरले होते.

"आधी रिठ्याचं पाणी," माई सांगत होत्या. "मुरू द्या. आता डिंक. अहो, थेंब पाडायचा. ओतायचं नाही."

"बरं," नाना म्हणाले.